खुळखुळ्याची टायमिंग चेन

आमच्या घरी गाडी आली ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. कल्याणजवळ मोहन्याला कारखान्याच्या वसाहतीत आमची लाईन अगदी शेवटची, त्यामुळे गेटातून आत शिरलेलं वाहन आमच्यापर्यंत पोचेतो अर्धी वसाहत ओट्यांवर येऊन उभी राही. बाबांच्या खात्यातले एक साहेब नोकरी सोडून गावाकडे निघाले होते, आणि बंगल्यामागे दोन पावसाळे उभी असलेली त्यांची गाडी त्यांनी बाबांना जवळजवळ फुकटच देऊन टाकली. "सावंत, तुम्हीच बघा हिचं काय ते. मला विचाराल तर भंगारात घाला," असं ते म्हणाले म्हणे. फिटर माणसाला असं बोलू नये. बाबांनी ती स्वतः चालवत दारापर्यंत आणली, आणि तिच्या पोटातून असा खळखळाट येत होता की पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी तो हलवतंय असं वाटावं. शेजारचे पाटकर काका, बाबांच्याच खात्यातले चार्जमन, म्हणजे त्यांचे वरचे, ओट्यावरून ओरडले, "अहो सावंत, गाडी आणलीत की खुळखुळा?" झालं. पाळण्यात न घालता तिचं बारसं उरकलं. पुढे आईसुद्धा दूधवाल्याला सांगू लागली, "खुळखुळ्याच्या पलीकडून या हो, रंग खरवडेल."

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे नळ आणि धुण्याचा दगड. आम्ही तिघंच. भोंग्यावर आमचं सगळं चाले. पहिला भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवी, दुसऱ्याला बाबा चपला घालत, आणि संध्याकाळच्या भोंग्याला तव्यावर तांदळाची भाकरी पडे. आई संगमेश्वराकडची. तिच्या हातचं कुळथाचं पिठलं आणि वर भाजलेली सुकट असली की बाबा जेवताना बोलत नसत, एरवी फार बोलत. त्यांच्या बोटांना कितीही साबण लावला तरी तेलाचा वास राही, आणि मला तो वास आवडे. ती बोटं मोठी हुशार होती. कुठलाही बोल्ट चिमटीत धरून एकदा फिरवला की न बघता सांगत, "सतराचा पाना दे." आणि कान तर त्याहून तल्लख. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. आई म्हणे, "डॉक्टर लोक नळी लावतात, आमच्याकडे हे."

मी तेव्हा कल्याणच्या कॉलेजात जात होते, आणि गाडी आल्यापासून बाबांनी माझ्या हातात पाने दिले होते. वसाहतीत त्यावरून बोललं गेलंच. पाटकर काकू आईला म्हणाल्या, "मुलीला लाटणं द्या हो, पाने काय देता?" आई म्हणाली, "लाटणं येतंच तिला. पुऱ्या बघा एकदा तिच्या, नकाशे असतात नुसते." बाबा मला प्रत्येक बारीक काम सांगत. कार्ब्युरेटरचं भोक बघ, वायरीचा रंग कुठला ते बघ, पट्टीवरचा आकडा वाच. "तू वाच. शीक, शीक. माझं शिकून झालंय." मी खूश होते. मुलगी असून आपल्याला हे शिकवतात, याचा मला केवढा गर्व होता! आज मागे वळून बघते तेव्हा त्या गर्वाचं हसू येतं, आणि थोडं रडूही येतं. चष्मा लावूनसुद्धा ते आकडा मला वाचायला लावत होते, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

खळखळाट कशाचा हे बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला दोन दातेरी चाकं असतात, एक लहान, एक मोठं, आणि त्यांच्यावरून सायकलीसारखी साखळी फिरते. ती टायमिंग चेन. इंजिनाने श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे ती ठरवते. ही साखळी सैल पडून फडफडू नये म्हणून एका बाजूने तिला दाबून धरणारा रबराचा तुकडा असतो, मागे स्प्रिंग असते. त्याचं नाव टेन्शनर. बाबांनी मला समजावलं ते असं, "घरात तुझी आई, तसा इंजिनात टेन्शनर. स्वतः फिरत नाही, दिसत नाही, पण सगळ्यांना ताणून धरतो म्हणून चाललंय." आतून आई म्हणाली, "ऐकू येतंय मला." बाबा म्हणाले, "बघ, ताण आला की नाही?"

कोपरला माझी आत्या राहायची. तिने निरोप पाठवला होता, "दादा, गाडी घेतलीस म्हणे. मग या दसऱ्याला दाराशी आण की, सोनं गाडीतूनच घेऊन ये." बाबांनी लगेच कबूल केलं आणि कारखान्यातही सगळ्यांना सांगून टाकलं. मग कल्याण स्टेशनजवळच्या पार्टवाल्याकडून नवीन टेन्शनर आणि नवी साखळी आली, आणि अष्टमीच्या दुपारी ओट्यासमोर आम्ही खुळखुळा उघडला. आधी रेडिएटर, मग पंखा, मग पुली. पुली काही केल्या निघेना. बाबांनी तिला गोंजारलं, शिव्या दिल्या, लाकडी ठोकळा लावून हातोडीने मारलं, तेव्हा कुठे सुटली. पत्र्याचं झाकण काढलं तर आत जुना टेन्शनर असा झिजलेला की रबरात साखळीने दोन खोल चऱ्या पाडल्या होत्या. मी आता राहते त्या कोलशेतच्या सोसायटीत गाडीला काही झालं की एक मुलगा येतो, लॅपटॉपची वायर जोडतो आणि पडद्यावर बघून काय बिघडलं ते सांगतो. मी त्याला एकदा विचारलं, "टेन्शनर कधी हातात घेऊन बघितलायस का रे?" तो म्हणाला, "आँटी, पूरा असेंब्ली येतो ना आता." बरोबर आहे त्याचं. पण तो झिजलेला तुकडा बघून बाबांनी हळूच "बिचारा" म्हटलं होतं, ते त्या पडद्यावर येणार नाही.

साखळी काढण्याआधी बाबा म्हणाले, "खुणा कर." दोन्ही चाकांवर कंपनीने ठोकलेला एकेक बारीक ठिपका असतो. बसवताना ते दोन ठिपके समोरासमोर आले पाहिजेत, एक दात इकडे नाही की तिकडे नाही. पण ठिपके मोहरीएवढे, त्यात काळा चिकटा भरलेला. मला वाटलं, पुन्हा शोधत बसायला नको. घरात पांढरा रंग नव्हता, म्हणून मी आईच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, तेलाच्या थेंबात कालवलं आणि प्रत्येक ठिपक्यावर एक लाल टिकली लावली. ठसठशीत दिसत होती. बाबा खूश झाले. म्हणाले, "आता आंधळ्यालाही दिसेल." मग चाकं, साखळी, टेन्शनर सगळं फळीवर मांडून ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा आणि पाना उचलायचा नाही म्हणजे नाही. दसऱ्याला सकाळी पूजा हलवायची आणि मगच काम.

नवमीला मी झेंडूची फुलं आणायला कल्याणला गेले होते. परत आले तेव्हा आईची पूजा झाली होती. आईला कुठलंही काम अर्धवट करायची सवय नव्हती. तिने पान्यांना, हातोडीला, पकडीला, ठोकळ्याला हळदकुंकू लावलंच, पण फळीवर उघडी पडलेली चाकं बघून तिला वाटलं असणार, आज गाडीचं काळीजच समोर आहे, त्याला कोरडं कसं ठेवायचं? मोठ्या चाकावर तिने गोलाकार सात-आठ बोटं कुंकू लावलं होतं. तेलकट लोखंडावर ते छान धरलं होतं. माझी टिकली त्यात कुठे गेली ते माझं मलाही कळेना. मी पोट धरून हसले. "आई, तू तर टायमिंगचीच ओटी भरलीस!" ती घाबरली, पण मी म्हटलं, काही नाही गं, खाली खरे ठिपके आहेत, उद्या रॉकेलने पुसून बघू. बाबा पाटावर बसून सगळं ऐकत होते.

दसऱ्याला सकाळपासूनच ओट्यासमोर माणसं जमली. सुट्टीचा दिवस, आणि सावंत खुळखुळा जोडणार म्हटल्यावर कुणाला घरात करमणार? पाटकर काका तर खुर्ची घेऊनच आले होते. "सावंत, दुपारपर्यंत कोपर की पुढच्या दसऱ्याला?" बाबा हसले. आईने मला आत बोलावलं, श्रीखंडाचा चक्का घोटायला. मी म्हटलं, "बाबा, मी येते, मग ठिपके बघू." ते म्हणाले, "जा गं, मला काय माहीत नाहीत होय?" वेलदोड्याचा वास हाताला लागला तेवढा वेळ मी आत होते. बाहेर आले तर दोन्ही चाकं बसलेली, साखळी चढलेली, नवा टेन्शनर लागलेला आणि बाबा झाकणाला तेल अडवणारा गॅस्केटचा कागद चिकटवत होते. मोठ्या चाकावरचं कुंकू फडक्याने पुसून एकच टिकली ठेवलेली होती, आणि ती लहान चाकाच्या टिकलीसमोर नेमकी आली होती. मी सहज वाकले. त्या टिकलीखाली ठिपका नव्हता. तो शेजारच्या दाताला होता, स्वच्छ दिसत होता, ऊन बरोबर त्याच्यावर पडलं होतं. एवढ्या उन्हात, हातभर अंतरावरून, तो बाबांना दिसला नव्हता.

त्या क्षणी सगळं एकदम उलगडलं. पट्टीवरचा आकडा, वायरीचा रंग, "तू वाच, तू शीक." आणि आठवलं ते त्यांच्याबरोबरच्या एका फिटरचं. नजर अधू झाली म्हणून त्यांना स्टोअरला बसवलं होतं, आणि बाबा जेवताना म्हणाले होते, "फिटर स्टोअरच्या खिडकीत बसला की संपला." मी मान वर केली तर समोर पाटकर काका. बाबांच्या कामावर ज्यांची सही होते तेच. मी 'बाबा, चुकलंय' एवढंच म्हटलं असतं, तर हसत हसत काका उठले असते, वाकले असते, ठिपका बघितला असता आणि बाबांकडे बघितलं असतं. पुढचं त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि गप्प बसावं तर झाकण लागलं असतं आणि इंजिन धापा टाकत सुरू झालं असतं, किंवा झालंच नसतं, सगळ्यांदेखत. बाबांनी झाकण उचललं.

"थांबा बाबा!" मी ओरडले. "आत तांदूळ पडलाय."

"तांदूळ?"

"पूजेतली अक्षता. साखळीच्या मागे, मला दिसली. चेन काढायला लागेल."

बाबांचा हात झाकणासकट तसाच राहिला. मग दारातून आईचा आवाज आला, "अगंबाई! माझ्याच हातून पडली असणार. मेलं माझं लक्ष कुठे असतं?" तिने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळे हसले. पाटकर काका म्हणाले, "वहिनी, इंजिनाला नैवेद्य दाखवलात की काय?" बाबांनी झाकण खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "काढ मग. तुझी नजर बारीक आहे."

मी टेन्शनर मागे दाबून अडकवला, मोठ्या चाकाचा नट सोडला, साखळी एक दात सरकवली आणि ठिपक्यासमोर ठिपका आणून चाक पुन्हा बसवलं. मग मूठ मिटून वर केली, "सापडला," म्हटलं, आणि नसलेला तांदूळ गटारात टाकला. बाबांनी बाकीचं जोडलं. हँडल मारण्याआधी त्यांनी ते दोनदा हाताने सावकाश फिरवून बघितलं, मग जोरात मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं, आणि खळखळाट नव्हता. नुसती एक गोड घरघर. वसाहतीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले. पुष्कळ वेळ ते तसे उभे राहिले.

मग आम्ही दोघं मागच्या नळावर हात धुवायला गेलो. लाकडाचा भुसा आणि साबण चोळताना त्यांनी खाली बघतच विचारलं, "एक दात?"

"हो."

"पुढे की मागे?"

"मागे."

त्यांनी मान हलवली. पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "बाबा, कुणाला कळलं नाहीये. कळणारही नाही." ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतो, पिकेपर्यंत थांबा, मग काढू. चार महिने झाले. मी चाचपून, कानाने भागवतोय." मग त्यांनी हात पुसले, एकेक बोट वेगळं, आणि म्हणाले, "सुमे, कारखान्यात मशिनच्या पलीकडे दुसऱ्याचा हात असतो गं. तिथे कोण तांदूळ काढणार?"

मला त्यांना अडवायचं होतं. खरंच सांगते, त्या वेळी दुसऱ्याचा हात माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही, स्टोअरची खिडकीच आली. पण ते पुढे गेले, ओट्यासमोर उभे राहिले आणि जमलेल्या सगळ्यांदेखत म्हणाले, "पाटकर, कोपरला गाडी तुम्ही चालवायची. मला दिसत नाही नीट. उद्या कामावर आलो की साहेबांनाही सांगतो." पाटकर काकांना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी खुर्ची बाजूला सारली, बाबांच्या हातून किल्ली घेतली आणि नुसतं "चला" म्हणाले. मागच्या सीटवर आई, मी, श्रीखंडाचा डबा आणि आपट्याची पानं. पुढे बाबा, खिडकीवर कोपर टेकवून, इंजिन ऐकत. आत्याने दाराशी गाडीला ओवाळलं तेव्हा बाबा मोठ्याने हसले, आणि मला ते हसणं सहन झालं नाही. मी आत जाऊन पाणी प्यायले.

बाबा स्टोअरच्या खिडकीत बसले ते निवृत्त होईपर्यंत. मधे ऑपरेशन झालं, भिंगासारखा जाड चष्मा आला, पण हत्यारं परत मिळाली नाहीत. पहिले काही महिने ते घरी फारसे बोलत नसत, कुळथाचं पिठलं नसलं तरीही. नंतर एखादं मशिन अडलं की पाटकर काका त्यांना खिडकीतून उठवून न्यायला लागले, "सावंत, जरा कान लावा." त्या दिवशी मात्र घरी येऊन बाबा रात्रपाळीचा भोंगा वाजेपर्यंत बोलत.

आईला मी खरं कधीच सांगितलं नाही. तिने स्वतःवर दोष घेतला होता, आणि मी तो तिच्या माथी राहू दिला, याची मला बोच होती. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे कोलशेतला राहायला आली. एका दसऱ्याला आम्ही दोघी तळघरातल्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीची पूजा करत होतो. मी कुंकू लावलं, हार घातला आणि सवयीने ताम्हनातल्या अक्षता उचलल्या. आईने माझं मनगट धरलं.

"मशिनवर तांदूळ नको. फुलं वाहा."

"का गं?"

"तुझ्या बाबांनी सांगितलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला. दाणा आत जातो म्हणे. तेव्हापासून मी हत्यारांवर कधी अक्षता वाहिल्या नाहीत."

मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे मी तांदळाचं नाव काढलं त्याच क्षणी ती थाप आहे हे बाबांना कळलं होतं. आणि दारात उभ्या असलेल्या आईलाही. ती शांतपणे एकेक झेंडू बॉनेटवर ठेवत होती. मी विचारलं, "मग तेव्हा तू असं का म्हणालीस, माझ्याच हातून पडली म्हणून?"

"तू बोलून बसलेलीस ना," आई म्हणाली. "कुणीतरी तो तांदूळ वाहिलेला नको?"